हुक्केरींनी राखलेली गाडी

विरूपाक्ष हुक्केरी यांनी आयुष्यात किती गाड्या फोडल्या याचा आकडा त्यांना सांगता येत नाही. विचारलं तर ते थोडा वेळ समोर बघतात आणि म्हणतात, "लई झाल्या." न फोडलेल्या गाड्यांचा आकडा मात्र ते लगेच सांगत. एक.

ती एक गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या त्यांच्या भंगाराच्या आवारात मागच्या भिंतीला लागून एकोणीस वर्षं उभी होती. १९५२ची स्टँडर्ड व्हॅनगार्ड. कासवासारखी उतरती पाठ, राखाडी रंगाचे उरलेसुरले पोपडे, टायर कुजून गेल्यामुळे चारही बाजूंनी लाकडी ओंडक्यांवर चढवलेली. तिच्यावर त्यांनी पत्र्याचं छप्पर घातलं होतं. ज्या आवारात आलेला माल पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही, तिथे एखाद्या वस्तूला छप्पर मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. येणारं-जाणारं कुणी तिच्याकडे बोट दाखवलं की हुक्केरी म्हणत, "ती इकायची न्हाय, पावणं. तिला हात लावलेला न्हाय."

हुक्केरी आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. अंगावर पांढरा सदरा, गळ्यात सदऱ्याच्या आत इष्टलिंगाची चांदीची पेटी, डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं. घराणं मूळचं संकेश्वरच्या पलीकडचं. घरात अजून कन्नड चालतं, धंदा मराठीत. १९६९ साली मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाल्यावर ते मामांच्या आवारात कामाला लागले आणि तिथेच राहिले. मामांना मूल नव्हतं, त्यामुळे पुढे आवारही त्यांच्याकडेच आलं.

कोल्हापुरात भंगाराला मरण नाही, कारण शहराभोवती फाउंड्र्या आहेत. फाउंड्रीला बीड, म्हणजे ओतीव लोखंड लागतं, आणि मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक म्हणजे उत्तम जातीचं बीड. पण अख्खा ब्लॉक भट्टीच्या तोंडातून आत जात नाही. तो फोडून, हाताने उचलता येतील एवढे तुकडे करून द्यावा लागतो. ते काम घणाचं. बिडाचा गुण असा की ते वाकत नाही, तुटतं. आणि कुठे मारलं की कुठपर्यंत तुटतं हे कळायला माणसाची पाच-सहा वर्षं जातात. हुक्केरींना ते तीन वर्षांत कळलं, असं मामा लोकांना सांगत.

मामांच्या आवाराची एक रीत होती. गाडीचा सौदा ठरला, विकणाऱ्याच्या हातात चहाचा कप दिला, की तो कप रिकामा व्हायच्या आत बॉनेट उघडून ब्लॉकच्या कुशीवर घणाचा एक टोला घालायचा. एकच. उरलेली तोडफोड सवडीने. याला ते 'पहिला घण' म्हणत. त्यामागे व्यवहार होता. जुनी गाडी विकून घरी गेलेल्या माणसाला झोप लागत नाही. बायको काहीतरी बोलते, भाऊ विचारतो कितीला दिलीस, आणि सकाळी तो माणूस दारात उभा राहतो. कधी रडवेला, कधी दुसरा भंगारवाला जास्त देतो म्हणून तावातावाने. ब्लॉक फुटलेला असला की बोलणं तिथेच संपतं. गाडीचं काळीजच गेल्यावर सांगाडा परत नेऊन कोण काय करणार?

ही रीत हुक्केरींनी मामांच्या नंतर पस्तीस वर्षं पाळली. त्यांच्या हातून काय काय गेलं हे ते आज सांगतात तेव्हा आवाज चढत नाही की उतरत नाही. छोट्या जहागीरदारांच्या ब्यूक, ऊस बागायतदारांच्या स्टुडबेकर, डॉक्टर-वकिलांच्या हिलमन आणि मॉरिस. हेडलाइटच्या काचा ओढ्यात टाकल्या, कारण काचेला भाव नव्हता. पितळेचे बिल्ले आणि रेडिएटरची तोंडं भांडीवाल्याला वजनावर दिली. अक्रोडाच्या लाकडाचे डॅशबोर्ड घरच्या पाण्याच्या बंबात गेले. "चांगलं जळायचं," ते म्हणतात. "वास बी चांगला यायचा."

२००४ साली पुण्याहून एक गृहस्थ आवारात आला. आवारातल्या मोरीवर मजुरांनी दाढीचा आरसा लावला होता आणि त्या आरशाची चौकट म्हणजे कुठल्याशा गाडीच्या दिव्याचं क्रोमचं कडं होतं. गृहस्थाने त्या एका कड्याला जे देऊ केलं, ते हुक्केरींनी ती सबंध गाडी घेताना मोजलेल्यापेक्षा जास्त होतं. जाताना त्याने एक इंग्रजी मासिक ठेवलं. त्यात त्यांनी फोडलेल्या गाड्या होत्या. म्हणजे तशाच, पण चकाकणाऱ्या, हिरवळीवर उभ्या केलेल्या.

पहिली हळहळ पैशाची होती, हे ते लपवत नाहीत. दोन-तीन वर्षं ती तशीच होती. पुढे तिचं रूप बदललं. कुठलीही जुनी गाडी रस्त्यात दिसली की हिचे कोणते भाग आपण कुठल्या साली कुठल्या फाउंड्रीला पाठवले ते मनात यायचं, आणि ते थांबवता यायचं नाही. पत्नी शिवम्मा यांनी ते मासिक माळ्यावर टाकलं. त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणून २००६ साली गगनबावड्याकडच्या विजयसिंह नावाच्या एका जमीनदाराने ही व्हॅनगार्ड जीपला टोचन करून आणली, तेव्हा हुक्केरींनी ती राखायची ठरवली. एकही भाग काढायचा नाही. त्यामागे काही योजना नव्हती. "एक तरी असू दे म्हटलं," एवढंच ते सांगतात.

गेल्या वर्षी आवार हलवायचं ठरलं. जुन्या गाड्या मोडीत काढायचे नियम बदलले, मान्यता असलेल्या केंद्राशिवाय मोड करता येईना. मुलगा मृत्युंजय याने कागल पंचतारांकित एमआयडीसीत अशाच एका केंद्राशी जोडून घेतलं आणि उद्यमनगरातली जागा मालकाला परत द्यायची तारीख ठरली. मागच्या भिंतीजवळच्या गाडीचं काय करायचं हा प्रश्न घरात रोज जेवताना निघू लागला.

त्याच सुमारास नंदिनी सबनीस आल्या. राजारामपुरीत त्यांची रक्त तपासणीची लॅब आहे. वय सेहेचाळीस, बोलणं थेट. त्यांच्या वडिलांची व्हॅनगार्ड घरच्या गॅरेजमध्ये आहे, पण तिचं मूळ पेट्रोल इंजिन १९९४ साली काढून त्या जागी जीपचं डिझेल इंजिन बसवलं होतं. तेव्हा कोल्हापुरात निम्म्या जुन्या गाड्यांचं असंच झालं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. नंदिनीबाईंना गाडी मूळ होती तशी करायची होती आणि त्यासाठी ब्लॉक हवा होता. बाकी सामान परदेशातून मागवता येतं. ब्लॉक मागवणं परवडत नाही, आणि मिळाला तरी कसा निघेल सांगता येत नाही.

"आमचं इंजिन तुम्हीच घेतलं होतं, काका," त्या म्हणाल्या. "बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी परत मागायला आले होते. मी बाहेर स्कूटरवर बसले होते. ते आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले आणि स्कूटर चालू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. मी मागे बसलेलीच."

हुक्केरींनी आठवायचा प्रयत्न केला.

"असतील," ते म्हणाले. "लई जण यायचे, ताई. सगळ्यांची तोंडं आठवत न्हाईत."

नंदिनीबाईंनी मान हलवली. त्यांना माफी नको होती, ब्लॉक हवा होता. त्यांनी मागच्या भिंतीकडे बघितलं.

हुक्केरींनी आठ दिवस मागून घेतले. राखलेली गाडी खोलायची म्हणजे ती राखली नाही असं होणार, आणि न खोलावी तर ती कागलच्या यंत्रात चेपली जाणार. शिवम्मांनी भाकरी थापता थापता निकाल दिला. "कोट्ट बिडरी," त्या म्हणाल्या, देऊन टाका. "लोकाची गाडी तरी चालंल."

त्यांनी होकार कळवला, पण एक अट घातली. गॅस कटर लावायचा नाही, छिन्नी-हातोडा नाही. जे खोलायचं ते पान्याने. फोनवर हे ऐकून नंदिनीबाईंचा मेकॅनिक उदयसिंह हसला म्हणतात. उद्यमनगरात हुक्केरींच्या नावाशी पाना हा शब्द कुणी जोडला नव्हता.

काम सोमवारी सुरू झालं. उदयसिंह चाळिशीचा, जाड चष्म्याचा, सतत गुणगुणणारा माणूस. हुक्केरी शेजारी लोखंडी खुर्ची टाकून बसत आणि मधूनच उठून स्वतः पाना लावत. गॅसने ही गाडी पाऊण दिवसात जमिनीला टेकली असती. पान्याने नुसतं बॉनेट उतरायला सकाळ गेली. प्रत्येक नटाला आदल्या दिवशी तेल सोडून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी जरा गरम करायचं, मग हलकेच फिरवून बघायचं.

"मालक, जोर लावू नका. सरकला तर सरकला," उदयसिंह सांगायचा.

"पन्नास वर्सं जोरच लावलाय रं," हुक्केरी म्हणायचे. "हळू कसं लावत्यात ते आता तू शिकीव."

"फी घेईन."

"तुझ्या मालकिणीकडनं घे. ती रक्त काढतीया लोकांचं."

गुरुवारी दुपारपर्यंत इंजिन चेनपुलीने बाहेर निघालं आणि दोन लाकडी स्लीपरवर ठेवलं गेलं. हेड उतरलं. आतले लायनर गंजले नव्हते. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो तळाचा दांडा, फिरत नव्हता, पण तो तेल सुकल्याने अडकला होता, मोडला नव्हता. नंदिनीबाई दुपारच्या सुट्टीत आल्या, वाकून सिलिंडरच्या भोकांतून बघितलं, फोनवर फोटो काढले.

"काका, तुम्ही ही तेवढी राखलीत म्हणून झालं," त्या म्हणाल्या. "शनिवारी टेम्पो घेऊन येते. मशीन शॉपला वेळ घेऊन ठेवलाय."

 मृत्युंजय सांगतो की त्या दिवशी हुक्केरी जेवायला घरी गेले नाहीत. आवारातच डबा मागवला, आणि बापाला इतक्या चवीने जेवताना त्याने बऱ्याच दिवसांनी बघितलं.

चारच्या सुमाराला उदयसिंह ब्लॉकच्या बाहेरचा गंज झाडत होता. पोपडे सुटावेत म्हणून त्याने हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत कडेने फेरी मारली. हुक्केरी दहा फुटांवर खुर्चीत होते, त्यांचे डोळे मिटलेले होते. चांगला बिडाचा ब्लॉक ठोकला की आवाज लांब जातो, देवळातली घंटा थांबल्यावर मागे राहतो तेवढा. पुढच्या बाजूला तसा आवाज आला. मागच्या बाजूला आला. डायनामोच्या बाजूला दांडा लागला आणि आवाज जागच्या जागी बसला.

उदयसिंह गुणगुणत पुढे गेला. त्याच्या लक्षात आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. इंजिनं जोडणाऱ्याला ब्लॉकचा आवाज कशाला ओळखावा लागतो? हुक्केरींनी डोळे उघडले आणि तसेच बसून राहिले.

उदयसिंह चहाला गेल्यावर त्यांनी ब्लॉकची ती बाजू घासून कोरडी केली. रॉकेलचा बोळा फिरवला, पुसून घेतला आणि वर खडूची पूड चोळली. दोन मिनिटांत पांढऱ्यावर काळी रेघ उठली. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूत उतरतं, ही फाउंड्रीतली जुनी चाचणी आहे. रेघ डायनामोच्या बैठकीखाली सुरू होत होती, वीतभर तिरकी जात होती आणि मग ब्लॉकच्या खालच्या कडेत शिरत होती. जिथे ती सुरू होत होती, तिथे रुपयाच्या नाण्याएवढी सपाट जागा होती. घणाचं तोंड.

त्यांनी पूड पुसली. 

या गाडीच्या आसपास घण हातात धरणारी त्या काळात दोनच माणसं होती. दुसरा गुंडू. तीस वर्षं त्यांच्या आवारात घणवाला होता, आता टेंबलाईवाडीत मुलाकडे असतो. शुक्रवारी सकाळी हुक्केरी रिक्षा करून तिकडे गेले. गुंडू दारात पोत्यावर बसून लसूण सोलत होता.

"गुंडू, त्या व्हॅनगार्डाला घण मारलतास व्हय रं तू?"

"आं?"

"व्हॅनगार्ड! मागच्या भिंतीजवळची!"

"मोठ्यानं बोला की मालक. ह्या कानाचं काम तुमच्याच आवारात झालंय." त्याने दुसरा कान पुढे केला. "कुठली? राखल्याली?"

"व्हय. तिच्या ब्लॉकला चीर हाय. घणाची."

"असणारच की."

"तू मारलास?"

"म्या कशाला मारू? तुम्ही मारलासा."

हुक्केरी उभेच होते. गुंडूने पोत्यावर जागा करून दिली, पण ते बसले नाहीत.

"गगनबावड्याचं पावणं च्या पीत हुतं," गुंडू सांगू लागला. "कप अजून त्यांच्या हातात. तुम्ही बॉनेट उघाडलं आन् दिला एक. मग घण तसाच धरून उभं ऱ्हायलासा. म्या म्हटलं, मालक, ही राखायची म्हनत हुता न्हवं? तर तुम्ही म्हटलासा, सवय रं. आन् बॉनेट लावून टाकलंसा."

"मला काय आठवत न्हाय."

"तुम्हाला कशाला आठवंल? तुमी असलं हजार मारलं असतील. माझ्या ध्यानात ऱ्हायलं, कारण त्या दिशी मला घण उचलायला लागला न्हाय."

"एकोणीस वर्सं बोलला न्हाईस?"

"सांगून काय करू? तुम्ही येईल त्या पावण्याला सांगायचासा, हिला हात लावला न्हाय म्हणून. चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं व्हय मी? पगार खात हुतो." त्याने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "मला वाटलं, तुम्हाला बी ठावं असंल. असंच सांगत असाल."

हुक्केरी रिक्षात बसले. रिक्षावाल्याने सांगितलं की ताराराणी चौकात आल्यावर त्यांनी विचारलं, माणूस आपण केलेलं असं साफ विसरतो का. रिक्षावाला म्हणाला, आपल्याला तर सकाळचं आठवत नाही.

मृत्युंजयला त्यांनी आवारात आल्याआल्या सांगितलं. मुलगा वाईट नाही. तो हिशेबी आहे, आणि त्याला बापाची काळजी वाटते. या दोन्ही गोष्टी तो एकाच आवाजात बोलतो.

"अप्पा, चीर काय जगात कुणाच्या ब्लॉकला नसती व्हय? शिरोलीत बिडाला टाके घालणारा माणूस हाय. पिना ठोकून शिवतो, पाणी सुद्धा गळत न्हाय. ताईंना सांगू, बारीक चीर हाय, शिवून घ्या."

"बारीक न्हाय."

"वीतभर दिसतीय."

"बाहीर वीतभर दिसतीय. आत क्रँक बसायच्या जागेपातूर गेलीया."

"तुम्ही काय आत शिरून बघितलंय?"

"पन्नास वर्सं बघितलंय," हुक्केरी म्हणाले. "तिथं मारला की ती तिथंच जाती. म्हणून तर तिथं मारायचो."

 मृत्युंजय म्हणाला, उद्या त्या येतील, तुम्ही घरी थांबा, मी बोलतो. चिरेचं सांगतो, बाकीचं त्यांचा मेकॅनिक बघून घेईल. बापाचं वय झालंय, त्यांनी एवढी वर्षं ही गाडी नावाला लावून घेतली आहे, ते लोकांसमोर कशाला उघडं करायचं, असा त्याचा विचार होता, आणि तो त्याने मोकळेपणाने बोलूनही दाखवला. हुक्केरींनी ऐकून घेतलं.

शनिवारी नंदिनीबाई टेम्पो घेऊन आल्या तेव्हा हुक्केरी खुर्चीत बसलेले होते. खडूची पूड त्यांनी पुन्हा चोळून ठेवली होती. रेघ लांबूनही दिसत होती.

"हे काय?" नंदिनीबाई म्हणाल्या.

"फुटलाय," हुक्केरी म्हणाले.

उदयसिंह वाकला, चष्मा वर सरकवून रेघेवरून नख फिरवलं. "शिवता येईल, मॅडम. शिरोलीला करतात. दोन-तीन महिने लागतील, पण होतं."

"होतं ना?" नंदिनीबाईंनी हुक्केरींकडे बघून विचारलं. मृत्युंजय बापाच्या मागे उभा होता.

"बाहेरनं हुईल," हुक्केरी म्हणाले. "इंजिन चालू बी हुईल. तुम्ही चार महिने फिरवाल. मग ती खालनं उलगडंल आणि क्रँक घेऊन जाईल. तुमचं बाकीचं सामान बी जाईल. ही चीर क्रँकच्या बैठकीत उतरलीया. तिथं टाका ठरत न्हाय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच मारलाय."

"कधी?"

"आली त्याच दिशी. राखायची म्हणून घेतली आणि सवयीनं मारला. विसरून गेलतो. काल कळलं."

 टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवणार होता, त्याने बघितलं आणि हात मागे घेतला. नंदिनीबाई ब्लॉकभोवती एक फेरी मारून आल्या. मग त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"म्हणजे आमचे दोन्ही ब्लॉक तुम्हीच फोडलेत," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"सांगितलं नसतंत तर मी नेला असता आज."

"व्हय. न्हेला असता."

उदयसिंहाने मधे पडून सांगितलं की हेड चांगलं आहे, क्रँक सोडवता येईल, लायनर, कार्बोरेटर, गिअरबॉक्स, मीटरची पट्टी, सगळं वापरण्यासारखं आहे. ब्लॉक तेवढा दुसरीकडे बघावा लागेल. नंदिनीबाईंनी यादी केली. त्या जे नेत होत्या ते सगळं टेम्पोत जाताना हुक्केरी स्वतः जवळ उभे होते आणि हेडखाली गोणपाट घालायला सांगत होते. गिअरबॉक्सचे चार बोल्ट अजून सुटायचे होते. ते त्यांनी सोमवारी सोडवून पाठवायचं कबूल केलं, आणि सोडवून पाठवले.

निघताना नंदिनीबाईंनी ब्लॉककडे बोट केलं. "हा राहू दे," त्या म्हणाल्या. नमस्कार करायला त्यांचा हात अर्धा वर आला आणि खाली गेला. त्या अजून ब्लॉक शोधत आहेत; साताऱ्याला एक असल्याचं कळलं आहे, पण मालक दाखवत नाही.

पुढच्या आठवड्यात आवार रिकामं व्हायला लागलं. व्हॅनगार्डचं कवच कागलला गेलं. बुधवारी फाउंड्रीचा ट्रक शेवटचं बीड न्यायला आला. ड्रायव्हरने ब्लॉक बघितला आणि म्हणाला, हा असा चालणार नाही, तुकडे करून द्या.

मृत्युंजयने बापाकडे बघितलं. "तू बघ," हुक्केरी म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडाशी चहाचा गाडा आहे. ते तिथे बाकावर बसले. चहावाल्याने न विचारता कप पुढे केला. गल्लीत एरवी चार दुकानांत ठोकाठोक चालू असते, पण बुधवारी उद्यमनगरात वीज नव्हती आणि बरीचशी दुकानं बंद होती. आवारातून पहिला टोला ऐकू आला. मग दुसरा. गुंडूच्या नंतर मृत्युंजयने ठेवलेला माणूस तगडा आहे, पण त्याने गॅस कटरवरच काम केलेलं. घण त्याच्या हाताला बसलेला नाही. तिसरा टोला. चौथा. प्रत्येक टोल्याला आवाज नुसता भद्द येत होता आणि ब्लॉक तसाच होता. सहाव्या टोल्यानंतर थोडी शांतता झाली, कुणीतरी शिवी दिली आणि पुन्हा सुरू झालं.

हुक्केरींनी अर्धा चहा बाकावर ठेवला.

"काय झालं, अण्णा?" चहावाल्याने विचारलं. "साखर कमी पडली?"

"चुकीच्या जागी मारतंय," हुक्केरी म्हणाले, आणि परत आवाराकडे चालू लागले.

तो माणूस घामाघूम झाला होता. हुक्केरींना बघून त्याने घण पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते वाकले, गुडघ्यावर एक हात टेकला, आणि दुसऱ्या हाताचं बोट ब्लॉकच्या खालच्या कडेवर ठेवलं.

"हितं," ते म्हणाले. "एकच मार."